संघटनेचे दिल्लीतील कपाट : दुरून कसे उघडायचे, कोणी उघडायचे

(महासंघाच्या दिल्ली येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात मराठी भाषिक प्रतिनिधींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी कोणी पंजाब मेलने, कोणी झेलमने, कोणी गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला आला आहात. नोंदणीच्या टेबलावर आमच्या एक गोष्ट लक्षात आली. बहुतेकांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त आहेत. आरोपपत्रांच्या झेरॉक्स, ज्येष्ठता याद्या, पीएनएमच्या बैठकांची इतिवृत्ते, जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे. दिल्लीच्या कार्यालयात दाखवायचे म्हणून हे सगळे हजार-दीड हजार किलोमीटर वाहून आणले आहे. आपल्या संघटना हे काम वर्षानुवर्षे असेच करीत आल्या. रेल्वेत वाटाघाटीची कायम यंत्रणा, म्हणजे पीएनएम, १९५२ साली सुरू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांची जेसीएम १९६६ साली आली. तेव्हापासून टेबलाच्या पलीकडे प्रशासनाची फाईल असते आणि अलीकडे आपली पिशवी.

आजच्या तासात आम्ही त्या पिशवीबद्दल बोलणार आहोत. विषयपत्रिकेवर नाव जरा अवघड छापले आहे : 'नेटवर्क स्टोरेजवरील सामायिक फोल्डर दुरून वापरण्याची व्यवस्था'. सोप्या भाषेत सांगायचे तर दिल्लीच्या कार्यालयात एक कपाट आहे. ते भुसावळहून, सोलापूरहून, पणजीहून उघडता आले पाहिजे, आणि ज्याचा संबंध नाही त्याला ते उघडता येता कामा नये. यातले पहिले अर्धे काम कोणताही दुकानदार तासाभरात करून देतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी आम्ही हा तास मागून घेतला.

कपाट हवेच कशाला, असे काही जुन्या कार्यकर्त्यांनी काल विचारले. त्यांच्यासाठी एक प्रकरण सांगतो. शाखेचे नाव घेण्याचे कारण नाही. एका ट्रॅकमनला नोकरीतून काढले. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे अपिलाला ४५ दिवस मिळतात; टपालातील बांधवांना १९६५ च्या सीसीएस नियमांखाली तेवढेच. अपील मुदतीत गेले आणि फेटाळले गेले. त्या आदेशाचा फोटो त्याने शाखा सचिवांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तो निश्चिंत झाला. पुढे सचिवांची बदली झाली, फोन बदलला, जुने फोटो गेले. नव्या सचिवांना असे प्रकरण आहे हेच ठाऊक नव्हते. ट्रॅकमन दर महिन्याला चौकशी करी, 'दिल्लीला पाठवलंय' असे उत्तर मिळे. न्यायाधिकरणाच्या १९८५ च्या कायद्यातील कलम २१ आपण सगळे जाणता : अंतिम आदेशापासून एक वर्ष. आमच्या हाती कागद आला तेव्हा ते वर्ष उलटून गेले होते. मग त्याला का काढले यावर बोलण्याऐवजी उशीर का झाला यावरच बोलावे लागले. विलंबमाफीचा अर्ज, त्याची प्रतिज्ञापत्रे, तारखेवर तारीख. एवढ्या काळात त्याचे घर कसे चालले असेल याची नोंद कोणत्याच फाईलमध्ये नाही.

इथे चोरी झाली नव्हती, कोणी लबाडीही केली नव्हती. कागद एका माणसाच्या फोनमध्ये होता आणि संघटनेकडे नव्हता.

आता कपाट म्हणजे काय ते पाहू. नेहरू प्लेसच्या बाजारात 'नॅस' म्हणून एक पेटी मिळते. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी असते, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात. तिला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो, पण आत एक छोटा संगणक असतो आणि तो रात्रंदिवस चालू राहतो. वायरने ती राऊटरला जोडली की कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर ती साध्या फोल्डरासारखी दिसते. एकाने कागद ठेवला की दुसऱ्याला तो त्याच क्षणी दिसतो. 'अंतिम', 'अंतिम २', 'खरे अंतिम' अशा नावांच्या पाच प्रती ईमेलवर फिरण्याचा प्रकार बंद होतो. एक जण निवेदनाचा मसुदा दुरुस्त करीत असला की बहुतेक वेळा दुसऱ्याला 'फक्त वाचा' असा निरोप येतो, म्हणजे दोघांची दुरुस्ती एकमेकांवर चढत नाही.

रेल्वेच्या बांधवांना यात नवीन काही नाही. संगणक येण्यापूर्वी आरक्षणाची रजिस्टरे असत, गाडीवार आणि तारखेवार. रजिस्टर ज्या खिडकीत, तिकीट त्याच खिडकीत. नवी दिल्लीत १९८५ साली संगणकीय आरक्षण सुरू झाले तेव्हा रजिस्टर मागच्या खोलीतल्या यंत्रात गेले आणि सगळ्या खिडक्यांना ते एकदम दिसू लागले. तरीही दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रे आपापल्या जागी वेगळीच होती. १९९९ मध्ये क्रिसच्या 'कन्सर्ट' प्रणालीने ती एकमेकांना जोडली आणि एका शहरात बसून दुसऱ्या शहरातून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढणे सोपे झाले. तेव्हा आपल्या संघटनांत संगणकाविषयी धास्ती होती, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती हे आज किती पदे रिकामी आहेत ते पाहिले की कळते. पण रजिस्टर एका खिडकीतून सुटले की काय फरक पडतो, हे आपल्याच लोकांनी सर्वांत आधी पाहिले. टपालात हेच २०१७ नंतर 'दर्पण' योजनेने ग्रामीण शाखा डाकघरांपर्यंत गेले. दिल्लीतील अनेक टपाल कार्यालयांत २ ऑगस्ट २०२५ रोजी व्यवहार बंद ठेवून ४ तारखेपासून आयटी २.० ही नवी प्रणाली आणली. प्रशासन आपले कागद एकत्र ठेवते, कुठूनही उघडते. रेल्वेत २०१९ पासून ई-ऑफिस आले, हजारो अधिकारी घरी बसून फाईल पुढे सरकवू लागले. आपण मात्र अजून पिशवी वाहतो आहोत.

दुरून उघडण्याची गरज फक्त महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आहे असेही नाही. दिल्ली कार्यालयात काम करणारे आम्ही राहतो गाझियाबादला, फरीदाबादला, सोनीपतला. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली तेव्हा कपाट कार्यालयात आणि आम्ही घरी. हिवाळ्यात हवा बिघडली की पुन्हा तोच प्रश्न येतो. २० नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले होते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग रीतसर स्थापन झाला. आयोगापुढे मांडायच्या प्रत्येक मुद्द्याला खालून आकडा लागतो : कोणत्या डेपोत किती जण एकाच ग्रेडमध्ये किती वर्षे अडकले, कोणत्या विभागात कोणता भत्ता थकला. तो आकडा नागपूरच्या किंवा पुण्याच्या शाखेत असतो. तो दिल्लीला वेळेत दिसला नाही तर मागणीचा मुद्दा नुसत्या भावनेवर मांडावा लागतो, आणि नुसत्या भावनेला आयोगाच्या अहवालात रकाना नसतो.

आता धोक्याकडे वळू. इथे जरा सावकाश जाऊ या.

पेटी विकणारा म्हणतो, 'साहेब, राऊटरमध्ये एक पोर्ट उघडून देतो, कुठूनही लॉग-इन करा.' याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. याचा अर्थ असा की कार्यालयाचे कपाट उचलून कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवर ठेवायचे आणि त्याला एक कुलूप लावायचे. कुलूप चांगले असेलही. पण इंटरनेटवर अशी उघडी कपाटे शोधत फिरणारे माणसे नसतात, यंत्रे असतात. ती रात्रंदिवस प्रत्येक दार ठोठावतात. तुमची संघटना छोटी आहे, आपल्याला कोण विचारतो, हा भाबडेपणा आहे. ती यंत्रे दारावरची पाटी वाचत नाहीत.

घडलेल्या गोष्टी सांगतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमध्ये फोल्डर सामायिक करण्याची जी पद्धत आहे, तिच्यातल्याच एका खिंडारातून तो शिरला. खिंडार बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. जर्मन रेल्वेच्या स्थानकांवरील गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फलकांवर खंडणीची मागणी झळकली, प्रवाशांनी तिचे फोटो काढले. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' आला. त्याने तैवानच्या क्यूनॅप कंपनीच्या, म्हणजे आपण घेतो तशाच, इंटरनेटवर थेट उघड्या ठेवलेल्या पेट्या हुडकल्या, आतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्यांत घरगुती फोटो ठेवणारे होते, छोटे दुकानदार होते. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या 'माय बुक लाइव्ह' पेट्यांचे मालक सकाळी उठले तर पेट्या कोऱ्या होत्या. कोणीतरी दुरून त्या पुसल्या होत्या. त्या पेट्यांना कंपनी २०१५ पासून दुरुस्त्या देत नव्हती.

आणि हे सगळे परदेशात घडते असे वाटत असेल तर आपल्या सभागृहापासून काही किलोमीटरवरच्या एम्सकडे पाहा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले सर्व्हर बंद पडले. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कारणही सांगितले : जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले ही सगळी कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. आपल्याकडचेही कित्येक जण रेफर होऊन तिथे जातात. त्या दिवसांत त्या रांगेत उभा राहिलेला आपला एखादा माणूस असणारच, आणि त्या रांगेसमोर कागदावर नावे लिहीत बसलेला कर्मचारीही आपल्यासारखाच कामगार होता.

कप्पे पाडणे म्हणजे काय, तर आगीच्या दृष्टीने जसे डब्याडब्यांत अंतर ठेवतात तसे. कार्यालयात येणाऱ्या पाहुण्यांचा वायफाय, कॅमेऱ्यांची यंत्रणा, छपाईयंत्र आणि आपले कपाट हे सगळे एकाच ताटात वाढायचे नाही. आमच्याकडे पाहुण्यांच्या वायफायवरून कपाट दिसतच नाही. काल दोघांनी तक्रार केली की पासवर्ड टाकूनही फोल्डर सापडत नाही. तक्रार ऐकून आम्हाला बरे वाटले.

मग योग्य मार्ग कोणता? तो टपालाच्या बांधवांना आमच्यापेक्षा चांगला समजेल. आरएमएसची थैली ज्या गाडीतून जाते तीच गाडी प्रवासी, भाजीचे करंडे आणि फेरीवालेही नेते. थैली सुरक्षित राहते ती गाडी वेगळी असते म्हणून नाही. तिचे तोंड एका टोकाला सील होते आणि ते सील दुसऱ्या टोकालाच तुटते, म्हणून. व्हीपीएन म्हणजे हीच सीलबंद थैली. तुमच्या लॅपटॉपवर आणि दिल्लीच्या कार्यालयात अशी दोन टोके असतात; मधला सगळा रस्ता सार्वजनिक इंटरनेटचा, पण थैलीत काय आहे ते वाटेत कोणालाही वाचता येत नाही. बाहेरच्या जगाला कपाट दिसत नाही, फक्त व्हीपीएनचे एक दार असते, आणि ते ज्याच्याकडे नोंदलेली किल्ली नाही त्याला उत्तरच देत नाही. आम्ही 'वायरगार्ड' ही पद्धत निवडली. ती फुकट आहे, तिचा मजकूर जगातील तज्ज्ञांना तपासायला खुला आहे, आणि २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आली आहे. पेट्यांच्या कंपन्यांचे तयार ॲप सोपे पडते हे खरे. पण आपल्या कपाटाचे दार कंपनीच्या सर्व्हरवरून उघडावे ही कल्पना आम्हाला रुचली नाही. हा आमचा कल आहे. एखाद्या छोट्या शाखेला दुसरा मार्ग सोयीचा वाटला तर त्यात पाप नाही, फक्त पोर्ट उघडू नका.

एक अडचण मात्र तुम्हाला हमखास येईल. घरगुती ब्रॉडबँड घेतला की कंपनी बहुतेक वेळा तुम्हाला स्वतंत्र पत्ता देत नाही, शेकडो ग्राहकांना मिळून एकच देते. बाहेर जाणारे पत्र जाते, पण बाहेरून येणाऱ्या पत्रावर फक्त सोसायटीचे नाव असते, घर क्रमांक नसतो, आणि पोस्टमन फाटकाशी थांबतो. नोएडाच्या उंच इमारतींत हा अनुभव रोजचाच. यासाठी कंपनीकडून 'स्टॅटिक आयपी' मागून घ्यावा लागतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. दिल्ली कार्यालयात तो आहे. तुमच्याकडे तो लागत नाही, कारण थैली तुम्ही पाठवता, आम्ही घेतो. मात्र घेताना दिल्लीच्या जोडणीचा 'अपलोड' वेग पाहिला पाहिजे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो 'डाउनलोड'चा. तुम्ही भुसावळहून फाईल उघडता तेव्हा दिल्ली ती वर पाठवत असते. आणि एक विनंती : सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाचा रंगीत मोठा फोटो काढून टाकू नका. काळे-पांढरे स्कॅन करा. अक्षर तितकेच स्वच्छ दिसते आणि फाईल कितीतरी लहान होते.

विजेचेही बघावे लागले. एनसीआरमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझेल जनरेटरवर कडक निर्बंध आले, त्यामुळे इमारतीचा जनरेटर लागेलच या भरवशावर राहता येत नाही. पेटीला आणि राऊटरला मिळून एक यूपीएस दिला आहे. वीज बराच वेळ गेली तर पेटी स्वतःहून नीट बंद होते. डिस्क फिरत असताना वीज तुटणे हे तिच्या प्रकृतीला फार वाईट.

आता किल्ल्या. हा या तासातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण इथे तंत्र संपते आणि माणसे सुरू होतात.

शाखेला एक किल्ली द्यावी आणि ती सगळ्यांनी वापरावी अशी सूचना आली होती. ती आम्ही मान्य केली नाही. किल्ली माणसाच्या नावाने असेल. कोणी कोणता कागद कधी उघडला याची नोंद पेटी ठेवते. सगळे एकाच नावाने आत आले तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही, आणि कागद बाहेर फुटला तर संशय सगळ्यांवर येतो. नावाची किल्ली प्रामाणिक कार्यकर्त्याचे संरक्षण आहे. पेटीवर पासवर्डनंतर फोनवरच्या ॲपमधला सहा आकडी क्रमांकही द्यावा लागेल. कंटाळवाणे आहे. पण ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही तेलवाहिनी बंद पडली, पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलच्या रांगा लागल्या, ते कशामुळे? वापरात नसलेले एक जुने व्हीपीएन खाते कोणी बंद केले नव्हते आणि त्याला असा दुसरा क्रमांक नव्हता. कोणाचा तरी जुना पासवर्ड बाहेर फुटलेला होता. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे चव्वेचाळीस लाख डॉलरच्या आसपास, खंडणी मोजली.

म्हणून ज्या दिवशी पदाधिकारी चार्ज देईल त्या दिवशी त्याची किल्ली रद्द होईल. स्टेशन मास्तर बदलला की तिजोरीच्या किल्ल्या मोजून दिल्या-घेतल्या जातात, पोस्टमास्तर बदलला की शिक्के आणि रोकड. तेव्हा कोणी म्हणत नाही की माझ्यावर विश्वास नाही का. निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांचा सल्ला आम्हाला लागतो, फोन करून तो घेऊ. कपाटाची किल्ली त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर राहू देणे त्यांच्याच गळ्याशी येऊ शकते. लॅपटॉप किंवा फोन हरवला तर रात्री दोन वाजताही कळवा. इथे एक किल्ली रद्द करायला मिनिट लागतो आणि बाकी कोणाच्या किल्लीला हात लावावा लागत नाही.

सगळ्यांना सगळे दिसणार नाही. परिपत्रके, निकाल, बैठकींची मंजूर इतिवृत्ते सर्व शाखांना वाचता येतील, बदलता येणार नाहीत. मसुद्यांच्या फोल्डरात ज्याचे त्याचे काम. सभासदांची वैयक्तिक प्रकरणे, म्हणजे आरोपपत्रे, वैद्यकीय कागद, कौटुंबिक अर्ज, ही फक्त ती शाखा आणि इथले प्रकरण पाहणारे दोघे उघडू शकतील. एखाद्या बहिणीने छळाची तक्रार दिली असेल आणि ती शेजारच्या विभागातल्या कोणाला चहाच्या वेळी वाचता आली, तर पुढची बहीण संघटनेकडे येणारच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होण्याची रीत ठरली. पण कायदा नसता तरी ही काळजी घ्यावीच लागली असती.

प्रतींबद्दल. पेटीत दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या चालतात, एक जळली तर दुसरी काम करते. दुकानदार याला 'बॅकअप' म्हणून विकतो. तो बॅकअप नाही. तुम्ही चुकून फोल्डर पुसला की आरशातलाही त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोराने एक डिस्क कुलूपबंद केली की दुसरीही होते. म्हणून पेटी दर तासाला फोल्डरांची स्थिती टिपून ठेवते, त्यावरून कालचे पान परत मिळते. दर रात्री कुलूपबंद केलेली एक प्रत दुसऱ्या शहरात जाते. आणि दर शनिवारी एका सुट्या डिस्कवर प्रत उतरवून ती डिस्क वायर काढून खऱ्याखुऱ्या लोखंडी कपाटात ठेवतो. जी डिस्क कशालाच जोडलेली नाही, तिला दुरून हात लावता येत नाही. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहतो. मालगाडीला ब्रेक आहेत हे कागदावर लिहिलेले पुरत नाही, सुटण्याआधी दाब पाहावा लागतो.

एक सीमा स्पष्ट सांगतो, कारण इथे आपल्या नोकरीचा प्रश्न आहे. हे कपाट संघटनेचे आहे, खात्याचे नाही. ई-ऑफिसमधली फाईल, खात्याच्या संगणकातील यादी, कामावर असताना दिसलेला गोपनीय कागद यात टाकायचा नाही. रेल्वेच्या १९६६ च्या आणि केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम ११ अशा वेळी सरळ लागतो. जून २०२२ मध्ये एनआयसीच्या सूचनांनी सरकारी कागद गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या खासगी जागी ठेवण्यास सरकारी कर्मचाऱ्यांना मनाई केली. सभासदाला रीतसर मिळालेला आदेश, माहिती अधिकारात आलेले उत्तर, आपण प्रशासनाला दिलेले पत्र, बैठकीचे इतिवृत्त हे आपले. बाकी माहिती हवी असेल तर बैठकीत मागू, माहिती अधिकाराचा अर्ज करू. तसेच खात्याच्या संगणकावर आमची किल्ली बसवू नका. संघटनेचे काम स्वतःच्या किंवा शाखेच्या यंत्रावर.

आणखी एक गोष्ट, जी विषयपत्रिकेवर नाही. कपाट रात्री अकराला उघडते म्हणून कार्यकर्त्याने रात्री अकराला काम करावे असा अर्थ होत नाही. ई-ऑफिस घरी आले तेव्हा साहेबांचे फोनही घरी आले, आणि त्याला कोणी जादा काम म्हटले नाही. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ चे 'राइट टू डिसकनेक्ट' खासगी विधेयक मांडले होते, ते या दुखण्यावरच. लोको पायलटला गाडीवरून उतरल्यावर विश्रांतीचे तास मिळावेत म्हणून भांडणाऱ्या संघटनेने आपल्याच शाखा सचिवाला रविवारी दुपारी 'फोल्डर अजून पाहिला नाही का' असा निरोप पाठवू नये. दिल्ली कार्यालयाने ठरवले आहे की मुदतीचे प्रकरण सोडून कोणत्याही कागदाचे उत्तर त्याच दिवशी मागायचे नाही. मुदतीच्या प्रकरणांसाठी मात्र वेगळा फोल्डर आहे. त्यात फाईलच्या नावाआधी शेवटची तारीख लिहायची, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो कागद यादीत आपोआप वर येतो. ट्रॅकमनचा तो आदेश अशा फोल्डरात पडला असता तर सचिव बदलले तरी तो रोज सकाळी दिल्लीला दिसला असता.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने जवळजवळ शंभर वर्षे सभासदाला संघटनेचे हिशेब आणि सभासद यादी पाहण्याचा हक्क दिला होता. कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते की ही पुस्तके पदाधिकाऱ्याच्या घरची नसतात. आपल्या कपाटालाही तेच लागू आहे : सभासदाने स्वतःच्या प्रकरणाची प्रत मागितली तर शाखेने ती त्याच दिवशी काढून द्यायची.

आता चहा आहे. त्यानंतर शेजारच्या खोलीत तीन टेबले मांडली आहेत : पहिल्यावर मध्य आणि कोकण रेल्वे, दुसऱ्यावर पश्चिम आणि दक्षिण-पूर्व-मध्य, तिसऱ्यावर टपाल आणि आरएमएस. ज्यांना शाखेने लेखी नेमले आहे त्यांनीच यावे, नेमणुकीचे पत्र बरोबर आणावे, आणि यंत्र स्वतःचे असावे. तुमच्या यंत्रावर किल्ली तुमच्यासमोर तयार होईल; तिचा गुप्त भाग आम्हीही पाहणार नाही. पत्र विसरलेल्यांनी शाखेकडून संध्याकाळपर्यंत मागवून घ्यावे, तिसरे टेबल रात्री आठपर्यंत सुरू ठेवतो.